टार हील्स २०२५: बेलिचिक आजोबा चॅपल हिलमध्ये काय दिवे लावणार?

आरडीयूकर | १८ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

सीझनला दोन आठवडे राहिले आणि अजून धागा नाही म्हणजे काय! म्हणून शेवटी मीच काढला. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, टार हील्स म्हणजे यूएनसीची अमेरिकन फुटबॉल टीम आणि यूएनसी म्हणजे नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, चॅपल हिल, मायकेल जॉर्डनचं कॉलेज. मुळात बास्केटबॉलचं गाव हे, फुटबॉल आपला बास्केटबॉल सुरू होईपर्यंत शनिवार काढायला. एसीसी कॉन्फरन्स (आपण ज्यात खेळतो तो कॉलेजांचा गट) शेवटची जिंकली १९८० साली, लॉरेन्स टेलर होता तेव्हा टीममध्ये. मी बालवाडीत होतो.

आणि अशा टीमचा हेड कोच कोण, तर बिल बेलिचिक. डिसेंबरात बातमी आली तेव्हा मला वाटलं व्हॉट्सॅपवर कोणीतरी फिरकी घेतंय. हेड कोच म्हणून सहा सुपर बोल (एनएफएलची, म्हणजे इथल्या प्रो फुटबॉल लीगची, फायनल), त्याआधी जायंट्सकडे डिफेन्स सांभाळताना दोन, वय ७३ आणि कॉलेजात एक दिवससुद्धा कोचिंग केलेलं नाही. पाच वर्षांचा करार, वर्षाला एक कोटी डॉलर, पहिली तीन वर्षं गॅरंटीड. आधीच्या मॅक ब्राऊनच्या जवळपास दुप्पट.

मॅक ब्राऊन भला माणूस, ह्या कॉलेजच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅचेस त्यानेच जिंकल्यात, पण गेलं वर्ष बघवत नव्हतं हो. ६-७, म्हणजे ६ जिंकल्या, ७ हरल्या. जेम्स मॅडिसनने आपल्या घरी येऊन ७० पॉइंट मारले, ७०! हाफटाइमलाच ५३ झाले होते. मी मुलाला घेऊन गेलो होतो, तो म्हणाला बाबा आपण निघूया का, ट्रॅफिक लागेल.

माझा आकडा ८-४. तुमचे येऊ द्या. आणि कोचच्या खाजगी आयुष्यावर चर्चा नको प्लीज, त्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत.

मृण्मयी८ | १८ ऑगस्ट, रात्री ११:०२

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर.

लांडगाआलारे | १८ ऑगस्ट, रात्री ११:१५

आठ?! आरडीयूकर, तुम्ही दरवर्षी ऑगस्टमध्ये आठ म्हणता आणि थँक्सगिव्हिंगनंतर गायब होता :)

डिस्क्लेमर: आमची कन्या एनसी स्टेटला, म्हणजे रॉलीतल्या तुमच्या वैरी कॉलेजला, इंजिनिअरिंगला, त्यामुळे घरात सगळं लाल. सलग चार वर्षं आम्ही तुम्हाला हरवलंय, २०२१ पासून. मॅक ब्राऊनला निरोपाच्या मॅचमध्येसुद्धा आम्हीच रडवलं, ३५-३०, तेही त्याच्याच घरी. तेव्हा सहा सुपर बोल वगैरे ठीक आहे, २९ नोव्हेंबरला रॉलीत या, बघू. घोडामैदान जवळच आहे.

बॉस्टनबाबू | १९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मंडळी, मी ह्या माणसाला आमच्या पॅट्रियट्सकडे (बॉस्टनची एनएफएल टीम) चोवीस वर्षं सहन केलंय. सहन म्हणजे प्रेमानेच, वीस वर्षं देव्हाऱ्यात ठेवला होता. पण शेवटच्या चार वर्षांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, ऑफेन्सचा म्होरक्या) टॉम ब्रेडी २०२० मध्ये टीम सोडून गेला. त्यानंतरचं बेलिचिकचं प्रगतिपुस्तक असं: ७-९, १०-७, ८-९, ४-१३. बेरीज करा, २९ जिंकल्या ३८ हरल्या. आणि तिकडे ब्रेडीने पहिल्याच वर्षी टँपाला जाऊन सुपर बोल जिंकला. डिफेन्स शेवटपर्यंत बरा होता हे मान्य, पण ऑफेन्स? २०२२ मध्ये ऑफेन्स चालवायला दिला मॅट पॅट्रिशियाला, ज्याची जवळपास सगळी हयात डिफेन्समध्ये गेलेली! म्हणजे हलवायाला न्हाव्याच्या खुर्चीमागे उभं केलं. पोरगा क्वार्टरबॅक होता मॅक जोन्स, त्याचं वाटोळं झालं ते झालंच.

आणि नियतीची गंमत बघा, बेलिचिकशी फारकत घेतल्यावर पॅट्रियट्सनी ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम्स कॉलेजची पोरं निवडतात त्यात) तिसऱ्या नंबरवर घेतला ड्रेक मे. कुठल्या कॉलेजचा? तुमच्याच! म्हणजे अदलाबदल झाली. तुमचा पोरगा आमच्याकडे, आमचं म्हातारं तुमच्याकडे. सौदा कोणाला महागात पडला ते कळेलच.

आरडीयूकर | १९ ऑगस्ट, सकाळी ८:५५

बॉस्टनबाबू, हलवाई आवडला :) पण एक सांगा, एनएफएलमध्ये शेवटी शेवटी घोळ कशामुळे झाला? खेळाडू निवडण्यात. ड्राफ्ट चुकले, रिसीव्हर (पास झेलणारे) चुकले. इथे त्या कामाला त्याने मायकेल लोंबार्डीला जनरल मॅनेजर म्हणून आणलाय, कॉलेजात जनरल मॅनेजर! डिफेन्स मुलाकडे, स्टीव्हकडे, तो गेल्या वर्षी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला होता. ऑफेन्स फ्रेडी किचन्सकडे. लोंबार्डी तर ह्याला एनएफएलची तेहतिसावी टीम म्हणतोय.

लांडगाआलारे | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

तेहतिसावी टीम! बारशाआधीच मुंज. एसीसीच्या प्रीसीझन पोलमध्ये आठव्या नंबरवर आहात साहेब.

कोथरूडचा काका | १९ ऑगस्ट, सकाळी ९:२२

मी पुण्याहून वाचतोय. आमचा नातू तिकडे मॉरिसव्हिलला, तो व्हिडिओ कॉलवर ह्याच विषयावर बोलतो आणि मी नुसती मान हलवतो. दोन शंका. हा फुटबॉल पायाने खेळतच नाहीत तर फुटबॉल का? आणि दुसरं, कॉलेजच्या पोरांच्या खेळाला एक कोटी डॉलरचा मास्तर? आमच्या वेळी फर्ग्युसनला जिमखान्याच्या सरांना चहा आम्हीच पाजायचो.

बासरीवाली | १९ ऑगस्ट, सकाळी ११:४०

काका, पहिल्या शंकेला उत्तर नाही, सोडून द्या :) खेळ मात्र सोपाय. कबड्डीत कसं मैदान राखायचं, तसं इथे मैदान जिंकत पुढे सरकायचं. चार प्रयत्न मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार. नाही गेलात तर बॉल समोरच्याला. बाकी सगळे नियम अंपायरलासुद्धा बघून सांगावे लागतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

दुसरी शंका मात्र मुद्द्याची आहे. माझी मुलगी मार्चिंग बँडमध्ये आहे यूएनसीच्या, क्लॅरिनेट वाजवते (आयडी जुना आहे, बासरी सुटली). ती सांगते की कँपसवर टीममधली मुलं कोणाला ओळखूच येत नाहीत, कारण सत्तरच्या आसपास मुलं नवीन आहेत! अर्ध्याहून जास्त टीम. कोणी वसंतात आलं, कोणी उन्हाळ्यात. तिने बँडच्या कँपमध्ये दोन आठवडे उन्हात उभं राहून गाणी पाठ केली आणि म्हणते, आई, टीमपेक्षा आमची ओळख जास्त जुनी आहे.

हे ट्रान्सफर पोर्टल प्रकरण कोणीतरी नीट लिहा ना.

मृण्मयी८ | १९ ऑगस्ट, रात्री ९:४८

रुमाल उचलते. मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा.

काका, पूर्वी असं होतं की कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिप मिळायची आणि कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. त्यामुळे पोरं चार वर्षं एकाच कोचच्या हाताखाली शिकायची, रुजायची. ते गेलं. आता पोर्टलमध्ये नाव टाकायचं आणि दुसरीकडे जायचं, लगेच खेळायचं. २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि आता ह्या ६ जूनला कोर्टाने सेटलमेंट मंजूर केली, जुलैपासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, एका कॉलेजला सगळ्या खेळांचे मिळून वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलर ही कमाल मर्यादा. म्हणजे थोडक्यात सॅलरी कॅप आलीच की!

आणि बेलिचिकला आणण्यामागचं गणित मला वाटतं इथे आहे. वीस वर्षं हा माणूस नेमकं हेच करत होता, ठरलेल्या पैशात टीम बसवायची, कुठल्या जागेला किती मोजायचे, कोणाला एक वर्ष आधी सोडून द्यायचं. दहा वर्षांपूर्वी कॉलेजने त्याला विचारलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. आज कॉलेजच एनएफएलसारखं झालंय. गेल्या वर्षीपासून हेल्मेटमध्ये कोचचा आवाजसुद्धा येतो आणि टू मिनिट टाइमआऊटसुद्धा आलाय.

पण! (आणि इथे माझं आरडीयूकरांशी वाजणार.) बेलिचिकची खरी ताकद काय होती? दर आठवड्याला समोरच्यानुसार टीमचा चेहरा बदलायचा. ह्या रविवारी पळत खेळा, पुढच्या रविवारी पन्नास पास. समोरच्याची सगळ्यात आवडती गोष्ट काढून घ्यायची. हे करायला खेळाडू दिवसभर फिल्म बघत बसलेले लागतात. कॉलेजात नियम आहे, सीझनमध्ये आठवड्याला सक्तीचं काम २० तास, त्यात प्रॅक्टिस, मीटिंग, सगळं आलं. बाकी वेळ पोरगं स्टॅटिस्टिक्सच्या असाइनमेंटला बसतं, निदान बसायला हवं. आणि ही सत्तर नवीन पोरं, त्यांना एकमेकांची नावं पाठ व्हायचीयत अजून. दर आठवड्याला नवा पाठ दिला तर कुठलाच नीट येणार नाही अशी मला भीती. पहिल्या वर्षी त्याने साधं खेळवलं तर मी म्हणेन म्हातारा शिकला. जुनं पुस्तक सगळं उघडलं तर कठीण.

दुसरं म्हणजे, एनएफएलमध्ये करार असतो. इथे डिसेंबरात पोरगं उठून जाऊ शकतं. ह्या माणसाने आयुष्यात कोणाची मनधरणी केलेली नाही, पत्रकारांना तर एका शब्दात वाटेला लावायचा, आता सतरा वर्षांच्या मुलाच्या आईसमोर सोफ्यावर बसून सांगायचंय की तुमचा मुलगा माझ्याकडे का पाठवावा.

माझा आकडा ६-६.

आरडीयूकर | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

२० तासांचा मुद्दा मी धरलाच नव्हता, खरंय. पण सोफ्याचं पटत नाही. ज्याच्या बोटांत बसणार नाहीत इतक्या सुपर बोलच्या अंगठ्या आहेत तो दारात उभा राहिला तर कुठली आई चहा न देता पाठवेल?

बॉस्टनबाबू | २० ऑगस्ट, सकाळी ७:१५

मृण्मयी, जबरी पोस्ट, अनुमोदन. ह्यात इतिहास जोडतो.

एनएफएलची मोठी नावं कॉलेजला आली की काय होतं? बिल वॉल्श, तीन सुपर बोलवाला, १९९२ ला परत स्टॅनफर्डला आला. पहिल्या वर्षी १०-३, सगळे खूष. मग ४-७, मग ३-७-१, आणि घरी. आमचाच चार्ली वाइस, बेलिचिकचा उजवा हात, नोटर डेमला गेला, पहिली दोन वर्षं गाजावाजा, पाच वर्षांत ३५-२७ करून निघाला, पुढे कॅन्ससला ६-२२. उलट बाजूने निक सेबन बघा, क्लीव्हलँडला बेलिचिकच्याच हाताखाली डिफेन्स बघायचा, कॉलेजात सात नॅशनल टायटल आणि एनएफएलमध्ये मायामीला दोन वर्षांत गाशा गुंडाळला. म्हणजे ही दोन वेगळी दुकानं आहेत. एकच अपवाद पटकन आठवतो, पीट कॅरल, पॅट्रियट्सनी त्याला काढून बेलिचिकला आणलं होतं आणि त्याने यूएससीला जाऊन धमाल केली. पण कॅरल म्हणजे चालताबोलता दिवाळी फराळ, हसतमुख, आणि आमचे बुवा म्हणजे कारल्याची भाजी.

आरडीयूकर | २० ऑगस्ट, दुपारी १२:३०

कारल्याची भाजी नीट केली तर लोक बोटं चाटतात.

आणि तुम्ही सगळे एक विसरताय, हा माणूस इथे पैशांसाठी आलेला नाही (पैसे घेतोय ते सोडा). त्याचे वडील स्टीव्ह बेलिचिक १९५३ ते ५५ इथेच असिस्टंट कोच होते. बिलचं तेव्हा दुडूदुडू चालायचं वय. घरचे सांगायचे म्हणे की ह्याच्या तोंडून निघालेले पहिले शब्द होते ड्यूकला (शेजारचं वैरी कॉलेज) हरवा. डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत त्यानेच सांगितलं. वडील मग नेव्हल अकॅडमीला कोच म्हणून गेले आणि तिथेच जन्म काढला, स्काउटिंगवर पुस्तक लिहिलं, पोरगा लहानपणापासून त्यांच्याबरोबर फिल्म बघत बसायचा. तर आई-बाबा, आत्या असं बोलायचं सोडून जे पोर ड्यूकला हरवा म्हणालं ते बहात्तराव्या वर्षी परत आलं. मला तर हे वाचून जरा गलबललं, खोटं कशाला बोलू.

लांडगाआलारे | २० ऑगस्ट, दुपारी १२:४१

गलबलून मॅच जिंकत नाहीत.

बासरीवाली | २० ऑगस्ट, दुपारी १:०५

लांडगाआलारे, तुमच्या घरी तरी एकच रंग आहे हो. आमच्याकडे मुलगी निळी, मोठा मुलगा ड्यूकला मास्टर्स, गडद निळा, आणि नवरा म्हणतो मला क्रिकेट लावून द्या. २२ नोव्हेंबरला ड्यूकची मॅच आहे, मी त्या दिवशी दोघांनाही जेवायला बोलावणार नाहीये.

अवांतर: टार हील म्हणजे डांबर लागलेली टाच. इथे पाइनची जंगलं, त्यातून डांबर काढायचे जहाजांसाठी, त्यावरून. माझे सासरे आले होते तेव्हा त्यांना हे सांगितलं तर ते अख्खा सीझन टीमला डांबरट म्हणत होते. जेम्स मॅडिसनच्या मॅचला तर शोभलंच.

कोथरूडचा काका | २० ऑगस्ट, दुपारी १:३०

डांबरट! हे नातवाला सांगतो. वेळापत्रक कोणीतरी टाका रे, आमच्या वेळेनुसार.

मृण्मयी८ | २० ऑगस्ट, रात्री १०:१०

काका, सगळं नाही टाकत, महत्त्वाचं सांगते.

१ सप्टेंबर, सोमवार, टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी), घरी, केनन स्टेडियमला, रात्री आठ. तुमच्याकडे मंगळवारी पहाटे साडेपाच. टीसीयू साधी टीम नाही, २०२२ ला नॅशनल फायनल खेळलेत (तिथे जॉर्जियाने ६५-७ धुतलं ते जाऊ द्या), गेल्या वर्षी ९ जिंकल्या आणि क्वार्टरबॅक जॉश हूवर परत आलाय. आणि आठवतंय का, २०२३ ला डियॉन सँडर्सने कोलोरॅडोला अशीच जवळजवळ पूर्ण नवी टीम आणली होती, पहिली मॅच ह्याच टीसीयूशी, ४५-४२ जिंकला, ३-० झाला, टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. शेवट ४-८. म्हणून पहिली मॅच जिंकलो तरी लगेच नाचू नका, हरलो तरी लगेच छाती पिटू नका.

मग शार्लट आणि रिचमंड, ह्या दोन जिंकायलाच हव्यात. २० सप्टेंबरला यूसीएफ, फ्लोरिडात. मग एक आठवडा सुट्टी आणि ४ ऑक्टोबरला क्लेमसन घरी. ती सोडून द्या, ते एसीसीचे चँपियन आहेत. १७ ऑक्टोबर, वसुबारस, कॅलिफोर्नियाला कॅल, शुक्रवारी इथल्या रात्री साडेदहाला, म्हणजे मॅच संपेपर्यंत धनत्रयोदशी उजाडलेली असेल. पुढे व्हर्जिनिया, सिराक्यूज, स्टॅनफर्ड, वेक फॉरेस्ट, आणि शेवटी ड्यूक नि स्टेट.

चांगली गोष्ट अशी की मायामी, एसएमयू, लुईव्हिल, ह्यातलं कोणीच वाट्याला आलेलं नाही. म्हणून सहा म्हणतेय, नाहीतर पाच म्हणाले असते.

बॉस्टनबाबू | २१ ऑगस्ट, सकाळी ७:०५

स्टॅनफर्डला सध्या हंगामी कोच फ्रँक राइक आहे. नोव्हेंबर २०२२ ला बेलिचिकच्या पॅट्रियट्सनी राइकच्या कोल्ट्सना २६-३ हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी राइकची नोकरी गेली. ८ नोव्हेंबरला दोघं हात मिळवतील तो फोटो मला हवाय.

क्वार्टरबॅकचं काय, कोणी बोलतच नाहीये? ब्रेडीनंतर सगळं तिथेच अडलं होतं.

आरडीयूकर | २१ ऑगस्ट, दुपारी १२:१०

जिओ लोपेझ. नाव ऐकून माझ्या आईने विचारलं रिचार्ज केलास का. साउथ अलाबामाहून वसंतात आलाय, डावखुरा, पळतोही चांगला. गेल्या वर्षी अडीच हजारांवर यार्ड, १८ टचडाऊन पास आणि फक्त ५ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याने पकडलेले पास. हे ५ महत्त्वाचे, बेलिचिकला बॉल फेकून देणारा माणूस चालत नाही. शिवाय मॅक्स जॉन्सन आहे, ज्याचा गेल्या वर्षी पहिल्याच मॅचमध्ये मिनेसोटाला पाय मोडला. पोराने परत उभं राहून कँप केला ह्याचंच मला कौतुक. आणि ब्राइस बेकर म्हणून इथलाच, कर्नर्सव्हिलचा फ्रेशमन, त्याचं पुढे बघू.

खरी पोकळी ओमारियन हँप्टनची आहे. १६६० यार्ड पळाला होता गेल्या वर्षी, तो आता एनएफएलच्या चार्जर्सकडे. गेल्या वर्षी जे काही सहा जिंकलो ते त्या एकट्याच्या पायांवर. ती भरून काढायला एक माणूस नाही आपल्याकडे, दोघातिघांत वाटावं लागेल.

मृण्मयीच्या २० तासांवर रात्रभर विचार केला, म्हणून माझा आकडा ७-५ वर आणतो. पण त्याखाली नाही.

लांडगाआलारे | २१ ऑगस्ट, दुपारी १२:१८

नोंद केली. अजून दहा दिवस आहेत, रोज एक कमी करत चला.

मला एक कळत नाही, बायआऊट (करार मध्येच सोडला तर भरायची रक्कम) आता फक्त दहा लाख डॉलरवर आलाय ना जूनपासून? म्हणजे उद्या एनएफएलचा फोन आला तर हा माणूस सुटकेस उचलून निघेल. एनएफएल कोच डॉन शूलाचा ३४७ विजयांचा रेकॉर्ड आहे, ह्याचे ३३३. चौदाच कमी. ज्याने आयुष्यभर आकडे मोजले त्याला हा आकडा आठवत नसेल?

आरडीयूकर | २१ ऑगस्ट, दुपारी १२:३५

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

बासरीवाली | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

तुम्हा लोकांना एक महत्त्वाची गोष्ट दिसलीच नाहीये. १ सप्टेंबर म्हणजे गौरीपूजन! लेबर डेची सुट्टी म्हणून मी पन्नास माणसं बोलावून बसलेय. नैवेद्य दुपारी, पण हळदीकुंकू संध्याकाळी, आणि आठला किकऑफ, आणि मुलगी सव्वापाचलाच युनिफॉर्म घालून स्टेडियममध्ये.

आरडीयूकर | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही की ती तारीख कुठली आहे. सल्ला द्या.

मृण्मयी८ | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४४

आजच सांगा. आणि फुलोरा करायला बसा, तळणीचं सगळं तुमच्याकडे घ्या.

लांडगाआलारे | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०२

बासरीवाली, आम्ही दोघं येतोय हळदीकुंकवाला. टीव्ही गौरींच्या खोलीत नाही ना? मी लाल कुर्ता घालणार आहे, टीसीयूचा रंग जांभळा असला तरी.

कोथरूडचा काका | २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

आमच्याकडे तेव्हा विसर्जनाची सकाळ. साडेपाचचा गजर लावतोय, नातू फोन करणार आहे. चार प्रयत्न, दहा यार्ड. बरोबर?

बासरीवाली | २१ ऑगस्ट, रात्री ८:४५

बरोबर काका. आणि दहा यार्ड गेले की ओरडायचं.